२०० टनांच्या फाउंड्रीला पर्यावरणाचा खर्च परवडतो का?

प्रश्न विचारणाऱ्यांची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना आहे. महिन्याला साधारण २०० टन चांगलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघतं, ग्रे आयर्न आणि एसजी हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार मिळून. रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे बाद होणारा माल, ८ टक्के, वीज ३ लाख युनिटच्या आसपास. पुण्याच्या मोठ्या ग्राहकाकडून सस्टेनेबिलिटीची लांबलचक प्रश्नावली आली आहे. सल्लागार म्हणतो आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घ्या, सोलरवाला म्हणतो छत द्या, आणि वडील म्हणतात ही सगळी मोठ्या कंपन्यांची सोंगं आहेत, भुर्दंड आपल्याला. यातून त्यांनी विचारलंय ते असं: पर्यावरणासाठी केलेल्या खर्चानं धंदा खरंच सुधारतो, की नुसता खर्चच वाढतो?

मी कोल्हापूर भागातल्या फाउंड्र्यांत वीज आणि प्रोसेस सुधारण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तुमच्या वडिलांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. अडचण अशी आहे की 'पर्यावरण' या एका नावाखाली तीन वेगळे खर्च तुमच्यासमोर एकत्र आलेत. एक, ज्यातून पैसा परत येतो. दुसरा, ज्यातून परत काहीच येत नाही पण तो करावाच लागतो. तिसरा, जो ग्राहक टिकवण्यासाठी आहे आणि त्याचं मोल ग्राहक कोण यावर ठरतं. तिन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला की उत्तर कधीच जमत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. मोल्डिंग (साचे बनवणं) ग्रीन सँडचं, म्हणजे माती मिसळलेल्या ओलसर वाळूचं आहे, की नो-बेकचं, म्हणजे रेझिननं घट्ट होणाऱ्या वाळूचं, भट्टी किती जुनी, जागा स्वतःची की भाड्याची, वीज एचटी (उच्च दाबाची) आहे का, आणि मुख्य म्हणजे एकाच ग्राहकावर किती टक्के धंदा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी इंडक्शन भट्टी, एचटी जोड आणि विजेचा सगळा मिळून दर युनिटला ९ रुपये धरतोय. तुमचा आकडा वेगळा असला तर गुणाकार बदलून घ्या, विचार तोच राहील.

सुरुवात करा ती छेदापासून, म्हणजे युनिटला कशानं भागायचं तिथून. बहुतेक फाउंड्र्यांत 'टनाला ६५० युनिट' असं अभिमानानं सांगतात, पण तो आकडा वितळलेल्या धातूच्या टनाचा असतो. ग्राहक पैसे देतो ते गाडीत चढलेल्या कास्टिंगचे. तुमचे ३ लाख युनिट भागिले २०० टन म्हणजे टनाला १,५०० युनिट. लोखंड वितळवून दीड हजार अंशांपर्यंत न्यायला शास्त्रानं टनाला ४०० युनिटच्या आत-बाहेर ऊर्जा पुरते. ४०० आणि १,५०० यांच्यामधल्या दरीत तुमचं पर्यावरणही आहे आणि नफाही. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे तुमच्या एका टन कास्टिंगमागे नुसत्या विजेचाच सुमारे एक टन.

आता हिशेब करू. ८ टक्के रिजेक्शन असताना २०० टन चांगला माल काढायला २१७ टन कास्टिंग ओतावं लागतं. रिजेक्शन ४ वर आणलं तर २०८ टन. फरक ९ टनांचा. तुमचं यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला रनर-रायझर (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा आणि तो आकसताना जादा धातू पुरवणारे साठे) वगळून उरणारा भाग, ६० टक्के धरलं तर हे ९ टन म्हणजे १५ टन धातू कमी वितळवायचा. ६५० नं गुणा: महिन्याला पावणेदहा हजार युनिट, ८८ हजार रुपये. हे फक्त विजेचं झालं. त्या ९ टनांवर गेलेली वाळू, रेझिन, मोल्डरची मजुरी, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), आणि मशिनिंगनंतर ब्लो होल (वायूचं भोक) उघडा पडला असेल तर मशिनिंगसुद्धा, हे सगळं वेगळं. रिजेक्ट झालेलं लोखंड भट्टीत परत जातं म्हणून 'काही वाया जात नाही' असं आपल्याकडे म्हणतात. लोखंड परत जातं, बाकीचं जातं ते जातंच.

यील्डचा हिशेब याहून मोठा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. ६० चं ६५ झालं तर त्याच २०८ टनांसाठी ३४७ ऐवजी ३२० टन धातू पुरतो. २७ टनांचा फरक, सव्वासतरा हजारांवर युनिट, महिन्याला दीड लाखाहून जास्त. त्यासाठी सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर रायझर तपासणं, जमेल तिथे रायझरभोवती एक्झोथर्मिक (उष्णता देणारी) स्लीव्ह घालणं, जुने पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात ते नमुने) दुरुस्त करणं एवढंच लागतं. इथे एक सावधगिरी मात्र ठेवा. एसजीला फीडिंग जास्त लागतं आणि एक्स-रे तपासणी असलेल्या भागांवर रायझर कापायचं धाडस करू नका. उद्यमनगरातल्या जुन्या पॅटर्नमेकरांनी रायझर मोठे ठेवले ते उगाच नव्हे; तेव्हा तपासायचं दुसरं साधन नव्हतं. आज आहे.

शॉपफ्लोअरवर वीज कुठे जाते ते भट्टीच्या मीटरपेक्षा भट्टीशेजारी उभं राहिल्यावर जास्त कळतं. गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत भट्टी नवी, पॅनल नवं, तरी धातूच्या टनामागचे युनिट ७०० च्या खाली येईनात. हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा धातू, तयार झाली की एक पोरगा नमुन्याचा गरम तुकडा चिमट्यात धरून पाण्यात विझवायचा आणि आवार ओलांडून लॅबमध्ये न्यायचा. लॅबवाला त्याला घासून स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावणार, चहाची वेळ असली तर थोडं थांबून. रिपोर्ट येईपर्यंत भट्टी झाकण उघडं ठेवून होल्डवर, म्हणजे धातू नुसता तापत. मग सिलिकॉन कमी आला म्हणून फेरोसिलिकॉन टाकायचं आणि पुन्हा नमुना. तोवर मोल्ड लाइनवरून निरोप येई की अजून चार मोल्ड बंद व्हायचेत. म्हणजे पुन्हा होल्ड. उघड्या तोंडाच्या भट्टीतून उष्णता कशी बाहेर पडते हे उन्हाळ्यात तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथे आम्ही स्पेक्ट्रोमीटरची खोली मेल्टिंगला चिकटून आणली, झाकण बंद ठेवायचा नियम केला आणि मोल्ड तयार असल्याशिवाय शेवटचा चार्ज (भट्टीत टाकायचा माल) टाकायचा नाही असं ठरवलं. खर्च झाला तो एका भिंतीचा आणि एसीचा. युनिट उतरले, आणि धातू जास्त वेळ तापत न राहिल्यामुळे एसजीतल्या तक्रारीही घटल्या.

तशीच गोष्ट चार्जची. वाळू चिकटलेले रनर-रायझर तसेच भट्टीत टाकले की त्या वाळूची मळी होते, ती वितळवायला वीज लागते आणि काढायला वेळ. गंजलेल्या स्क्रॅपची मळी तर भट्टीच्या आतलं लायनिंगच खाते. परतीचा माल शॉटब्लास्टमधून किंवा टंबलिंगमधून काढून मगच टाका. पिग आयर्न कमी करून स्टील स्क्रॅप आणि कार्बुरायझरवर (कार्बन वाढवणाऱ्या पदार्थावर) गेलात तर धातूचा खर्चही उतरतो आणि कार्बनचा आकडाही, कारण पिग आयर्नमागे ब्लास्ट फर्नेसचा कोळसा असतो. मात्र स्क्रॅपमधल्या मँगनीज-क्रोमियमवर आणि कार्बुरायझरमधल्या सल्फर-नायट्रोजनवर नजर हवी, नाहीतर धातूत वाचवलेलं रिजेक्शनमध्ये घालवाल.

कॉम्प्रेसरचं थोडक्यात. सुट्टीच्या दिवशी शॉप बंद असताना तो चालू करा आणि किती वेळ लोडवर राहतो ते घड्याळ लावून बघा. वापर शून्य असताना जेवढा लोड, तेवढी गळती. २०-३० टक्के निघाली तर दचकू नका, नेहमीचंच आहे. आणि दाब गरजेपेक्षा १ बार जास्त ठेवला असेल तर त्याची ६-७ टक्के वीज तुम्ही फुकट भरताय. एचटी ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएचवर (खेचलेल्या एकूण विजेवर) बिल करतं, त्यामुळे पॉवर फॅक्टरची (त्यातल्या कामाला येणाऱ्या वाट्याची) ढिलाई आता थेट युनिटमध्ये दिसते, तेही तपासा. वेळेनुसारच्या दरात पूर्वी रात्रीला सवलत होती, आता कल दुपारच्या सौर तासांकडे आहे. ताजं बिल बघून हीटचं वेळापत्रक लावा, जुन्या सवयीनं नको.

वाळूबद्दल थोडं सविस्तर, कारण कोल्हापुरात पर्यावरणाचा खरा दबाव तिथूनच येतो. नो-बेकची वापरलेली वाळू रस्त्याकडेला, ओढ्यालगत टाकायचे दिवस संपले. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते, शेजारच्या गावची ग्रामपंचायत येते, आणि आता ग्राहकाचा ऑडिटरही विचारतो की वाळू कुठे जाते. नवी वाळू सिंधुदुर्गातून कासार्डे भागातून घाट चढून येते. पावसाळ्यात ती ओली येते आणि वाळवायला इंधन जातं. नो-बेकमध्ये मेकॅनिकल रिक्लेमेशननं, म्हणजे वाळू यंत्रात घासून साफ केल्यानं, ८० टक्क्यांहून जास्त वाळू परत वापरता येते. म्हणजे येणारी वाळूही कमी, जाणारीही कमी, दोन्ही बाजूंचं गाडीभाडं वाचतं. पण रिक्लेम वाळूचा एलओआय (जाळल्यावर घटणारं वजन) रोज मोजणार नसाल तर यात पडूच नका. वाळूवर जळायचं राहिलेलं रेझिन साठत गेलं की कास्टिंगमध्ये गॅसची भोकं येतात. मग मालक म्हणतो 'रिक्लेमेशननं रिजेक्शन वाढलं' आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडतं. दोष यंत्राचा नसतो, चिमूटभर वाळू जाळून वजन करायचा कंटाळा केलेला असतो. ग्रीन सँड असेल तर गणित वेगळं: तिथे वाळू तशीही फिरतच असते, तिथे बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती), ओलावा आणि कोअरमधून (आतल्या पोकळीसाठीच्या साच्यातून) येणारी वाळू सांभाळली की टाकाऊ आपोआप कमी होते.

सोलरवाल्याला काय सांगायचं? छत मजबूत असेल तर 'हो' म्हणा, पण त्याच्याकडून आधी टक्केवारी काढून घ्या. १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट. २०० किलोवॉट बसवले तर महिन्याला २४ हजार, म्हणजे तुमच्या वापराच्या ८ टक्के. चार-पाच वर्षांत पैसे सुटू शकतात, सौदा वाईट नाही. पण फाउंड्रीच्या छपरावर जी काळी भुकटी बसते ती पॅनलवरही बसते, आणि धुवायला माणूस न ठेवल्यास ४ चे ३ युनिट कधी होतात कळतसुद्धा नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते बदलायचा खर्चही त्याच हिशेबात धरा. मोठा हिस्सा सौर किंवा पवन ऊर्जेचा हवा असेल तर ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे वापरकर्त्यांची भागीदारी असलेला वीज प्रकल्प, आहे: प्रकल्पात वापरकर्त्यांचा मिळून किमान २६ टक्के भाग आणि किमान ५१ टक्के विजेचा वापर ही अट असते, आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठीचा आकार) लागत नाही. करार लांब मुदतीचा असतो, म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. माझं मत विचाराल तर सोलर रिजेक्शन-यील्ड आणि वाळू यांच्यानंतर. रिजेक्शन आणि यील्डमधले मिळून २७ हजार युनिट तुमच्याच शॉपमध्ये पडलेत, सोलरपेक्षा जास्त, आणि त्यासाठी कोटीभर रुपये लागत नाहीत.

आता दुसरा प्रकार, ज्यात परतफेड शोधू नये. फेटलिंग आणि शेकआउटची (साचा फोडून कास्टिंग काढण्याची) धूळ. डस्ट कलेक्टर वीज खातो, बॅगा बदलाव्या लागतात, त्यातून एक किलो कास्टिंग जास्त निघत नाही. तरी तो चालूच ठेवायचा, तपासणीच्या दिवशीच नव्हे. सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसं जातात आणि ती परत येत नाहीत, हे एकच कारण पुरेसं आहे. धंद्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की बिहार-ओडिशातून आलेला कसबी मोल्डर किंवा ग्राइंडर धुराट शॉप सोडून शेजारच्या स्वच्छ शॉपमध्ये जातो, आणि नवा माणूस शिकेपर्यंतचं रिजेक्शन तुमच्या खात्यावर पडतं. याला मी नफा म्हणणार नाही, पण नुकसान टळतं.

राहिला ग्राहक. प्रश्नावली कुठून आली ते समजून घ्या. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिनं बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती देण्याचा मुद्दा पहिल्या २५० कंपन्यांपुरता आला आणि मार्च २०२५ मध्ये तो ऐच्छिक झाला. त्यातही खरेदीच्या २ टक्के किंवा जास्त हिस्सा असलेलाच पुरवठादार मोजायचा. २०० टनांची फाउंड्री एवढ्या मोठ्या कंपनीच्या २ टक्क्यांत बसणं कठीण. म्हणजे कायद्यानं तुम्ही बहुधा बाहेर आहात. तरी प्रश्नावली येते, कारण त्या कंपनीला तिच्या परदेशी ग्राहकांना उत्तर द्यायचं असतं आणि खरेदी विभागाच्या गुणपत्रिकेत आता तो रकाना आला आहे.

युरोपच्या सीबॅमनंही, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन आकारानंही, बरेच जण घाबरलेत. तो १ जानेवारी २०२६ पासून पैशांसह लागू झाला. पण त्याच्या मूळ यादीत एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचे) कोड आहेत आणि आपला कोड बघितल्याशिवाय घाबरायचं कारण नाही. लोखंडी पाइप फिटिंग, म्हणजे ७३०७, यादीत आहेत. इंजिन आणि वाहनांचे भाग ८४ आणि ८७ प्रकरणांत जातात, ते मूळ यादीत नाहीत. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूटही आहे. तुमचा माल पुण्यात मशीन होऊन पुढे कुठल्या कोडखाली जातो ते ग्राहकालाच विचारा. यादी वाढवायची चर्चा युरोपात चालू आहे, म्हणून आकडे तयार असलेले बरे.

हिरव्या कास्टिंगला किलोमागे जास्त दर मिळतो का? माझ्या बघण्यात नाही. खरेदी अधिकारी किलोचा दर पहिला बघतो, आजही. फरक पडतो तो दोन पुरवठादार दराला सारखे असताना, किंवा नवीन भागाचं आरएफक्यू (दर मागवणारं पत्र) कुणाला पाठवायचं ते ठरताना. म्हणजे दर वाढत नाही, दार उघडं राहतं. एकाच ग्राहकावर तुमचा निम्म्याहून जास्त धंदा असेल तर ते दार महाग आहे. पाच-सहा ग्राहकांत धंदा विभागलेला असेल तर घाई करू नका. आयएसओ १४००१ त्या ग्राहकानं लेखी मागितलं तर घ्या. नुसतं भिंतीवर लावायला घ्यायचं असेल तर तेच पैसे युनिट मोजणाऱ्या मीटरवर घाला, प्रत्येक भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटला वेगळा.

वडिलांशी बोलताना कुणीतरी तुमच्या हातात संशोधनाचे कागद देईल म्हणून सांगतो. २०१५ मध्ये २,००० हून जास्त अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९० टक्के अभ्यासांत पर्यावरण-सामाजिक कामगिरी आणि आर्थिक कामगिरी यांचं नातं उलटं नव्हतं, बहुतेकांत सरळ होतं. पण ते नातं आहे, कारण नव्हे. ज्या कारखान्यात शिस्त आहे तिथे रिजेक्शनही कमी असतं आणि पाण्याचे नळही गळत नाहीत. शिवाय त्यातला मोठा भाग शेअर बाजारातल्या कंपन्यांवरचा आहे, शिरोलीतल्या फाउंड्रीवरचा नाही. वडिलांची शंका एवढ्यापुरती रास्त.

सरकारी धोरणावर नफा बेतायचा नाही, हे आपल्या जिल्ह्याला साखर कारखान्यांनी शिकवलंय. बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज आणि इथेनॉल, दोन्ही पर्यावरणाला चांगलेच धंदे. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं अचानक बंधन आणलं आणि त्यावर कर्ज काढून बसलेल्यांचे हिशेब कोलमडले. तुमच्या भट्टीत वाचलेलं युनिट कुठल्या परिपत्रकानं परत जात नाही. सवलती मिळतात तेवढ्या जरूर घ्या: झेड (दोष आणि पर्यावरणावरचा परिणाम शून्याकडे नेण्याच्या) प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना ८०, ६० आणि ५० टक्के अनुदान आहे, आणि ऊर्जा बचतीच्या यंत्रासाठी केंद्राच्या अदिती (ADEETIE) योजनेत सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सूट आहे. पण सवलत वगळूनही जे परवडतं तेच करा.

एक मुद्दा प्रश्नावलीत 'क्लायमेट रिस्क' अशा नावानं असेल आणि तुम्हाला तो परदेशी वाटेल. तो आपलाच आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडची वाहतूक कित्येक दिवस थांबली. ज्यांनी पुण्यात थोडा तयार माल ठेवला होता त्यांनी ग्राहकाची लाइन थांबू दिली नाही. जुलै-ऑगस्टसाठी आठवड्याचा साठा पुण्यात, ग्राहकाजवळ ठेवायची सोय करा आणि ती प्रश्नावलीत लिहा. खरेदीवाल्याला सोलरपेक्षा हे जास्त समजतं.

तर क्रम असा ठेवा. या महिन्यात मीटर आणि चांगल्या कास्टिंगच्या टनामागचं युनिट. पुढचे सहा महिने रिजेक्शन आणि यील्ड, सगळ्या भागांवर नव्हे, ज्या पाच-सहा भागांत निम्मं रिजेक्शन असतं त्यांवर. मग वाळू. त्यानंतर सोलर. धुळीचं काम यातल्या कशासाठीही थांबवायचं नाही.

प्रश्नावली मात्र आत्ताच भरा, आणि खरी भरा. 'नेट झिरो कोणत्या वर्षी' या रकान्यात सल्लागार २०४० लिहायला सांगेल. मोकळा ठेवा. त्याऐवजी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं, टनामागचं युनिट आणि वाळू कुठे जाते त्याच्या पावत्या जोडा. बिलांवरचे आकडे ऑडिटर पडताळू शकतो, २०४० नाही. पुढच्या वर्षी तीच प्रश्नावली परत येईल तेव्हा १,५०० च्या जागी १,३५० दाखवता आले, तर आयएसओचं काय ते तेव्हा ठरवा.